हद्द तुमच्या हिशोबात ठेवा, आमच्या तिकिटावर नको

प्रति,
परिवहन मंत्री, परिवहन आयुक्त आणि राज्य परिवहन महामंडळांचे व्यवस्थापकीय संचालक
महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

पत्रादेवी, शिनोळी, कोगनोळी. तुमच्या नकाशावर ही राज्यांच्या हद्दीवरची गावे आहेत, आमच्यासाठी रोजच्या वाटेवरची. सावंतवाडी-बांद्याची मुले कामाला म्हापशाला आणि पेडण्याला जातात, दोडामार्गची डिचोलीला. चंदगड तालुक्याला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ, म्हणून बाजार, कॉलेज, दवाखाना सगळे बेळगावात. निपाणीचा माणूस कामासाठी कोल्हापूर गाठतो. सिंधुदुर्गात कुणाचा आजार हाताबाहेर गेला की घरचे लोक बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज गाठतात. या माणसांना आपण परराज्यात चाललो आहोत असे वाटत नाही. ते वाटायला लावते ते गाडीतले तिकीट.

जानेवारी 2025 मध्ये कर्नाटकात 5 तारखेपासून 15 टक्के भाडेवाढ झाली आणि महाराष्ट्रात 25 तारखेपासून 14.95 टक्के. वीस दिवसांत एकाच रस्त्याचे दर दोनदा बदलले, एकदा पलीकडच्या बाजूला, एकदा अलीकडच्या. दर वाढले याबद्दल हे पत्र नाही. डिझेल, सुटे भाग, पगार यांचा खर्च आम्हालाही कळतो. आमचे दुखणे हे की भाडेवाढ होवो, सवलत येवो, नवे तिकीट मशीन येवो की नवे ॲप, प्रत्येक वेळी निर्णय राज्याच्या आत बघून होतो आणि हद्द ओलांडणारा प्रवासी कुणाच्याच कागदावर नसतो. म्हणून हे पत्र तिघांना मिळून लिहितो आहोत. एकट्याला लिहिले की उत्तर ठरलेले असते: तो विषय पलीकडच्या राज्याचा.

सवलतीपासून सुरुवात करतो, कारण जीव तिथेच सर्वांत जास्त तुटतो.

महाराष्ट्रात 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना 26 ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मे तिकीट आहे. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या गाड्यांत शून्य रुपयाचे तिकीट मिळते. या योजनांनी म्हाताऱ्यांना आणि बायकांना घराबाहेर पडायला बळ दिले, त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. पण सवलत बहुतेक वेळा आपल्या राज्याच्या हद्दीवर उतरते. बांबोळीला तपासणीला निघालेल्या 78 वर्षांच्या आजीला बांद्यापर्यंत पैसे पडत नाहीत आणि पुढच्या, लांबच्या अंतराला पूर्ण भाडे पडते. मुंबईला मेव्हण्याच्या लग्नाला जाणारे 78 वर्षांचे आजोबा मात्र पाचशे किलोमीटर फुकट जातात. ज्या प्रवासाला पर्याय नाही, नेमका तोच महाग.

याच्या जोडीला टप्प्याचे गणित आहे, आणि ते फारसे कुणी उलगडून सांगत नाही. एसटीचे भाडे 6 किलोमीटरच्या टप्प्याने लागते. समजा, मार्ग 54 किलोमीटरचा आहे आणि हद्द 21 किलोमीटरवर येते. सलग तिकीट काढले तर 9 टप्पे. हद्दीवर तोडले तर अलीकडचे 21 किलोमीटर म्हणजे साडेतीन टप्पे, ते 4 धरले जाणार. पलीकडचे 33 किलोमीटर म्हणजे साडेपाच, ते 6 धरले जाणार. झाले 10. गाडी तीच, सीट तीच, आणि कुठेही न गेलेल्या एका टप्प्याचे पैसे खिशातून गेले. हा हिशोब दोन्हीकडे टप्पा 6 किलोमीटरचाच धरून केला आहे. टप्प्याची लांबी वेगळी असेल तर आकडा बदलेल, पण अपुरा टप्पा पूर्ण धरायचा म्हटल्यावर बोजा प्रवाशावरच येणार.

वाहकाचे हालही बघा. सवलतीच्या प्रवाशाचे तिकीट हद्दीवर तोडायचे म्हणजे एका माणसाला दोन तिकिटे: एक हद्दीपर्यंत सवलतीचे, दुसरे हद्दीपासून पूर्ण भाड्याचे. गाडीत पन्नास जण आहेत, त्यात वीस बायका आणि पाच ज्येष्ठ. पन्नासऐवजी पंचाहत्तर तिकिटे झाली. प्रत्येक वेळी टप्पा निवडा, सवलतीचा प्रकार निवडा, आधार कार्ड बघा, सुटे पैसे मोजा. मागच्या दारापाशी उभ्या मंडळींपर्यंत वाहक पोचेपर्यंत हद्द मागे पडलेली असते, आणि मग तपासणीला गाडी अडली तर बोलणी त्याला. हाताएवढ्या त्या यंत्राचा कागदाचा रोलही अर्ध्या वाटेत संपतो.

राज्याराज्यात भाडेदर वेगळे, कर वेगळे, हे आम्हाला माहीत आहे. महाराष्ट्रात एसटीच्या भाड्यावर 17.5 टक्के प्रवासी कर आहे आणि तो महाराष्ट्रातल्या अंतरापुरताच घेता येईल. म्हणजे हिशोब हद्दीवर तुटणे भागच आहे. पण हिशोब तुटला म्हणून तिकीट तोडायला पाहिजे असे नाही. मशीनच्या आत दोन ओळी करा, बाहेर एकच कागद काढा.

विद्यार्थ्यांच्या पासाचे दुखणे वेगळे आहे. चंदगडच्या बाजूने बेळगावला कॉलेजला जाणारा मुलगा थांब्यावर उभा असतो तेव्हा समोर येणारी गाडी कधी महाराष्ट्राची असते, कधी कर्नाटकची. पास एकाच महामंडळाचा. दुसऱ्याची गाडी रिकामी आली तरी ती सोडायची किंवा खिशातून भाडे द्यायचे. त्यात शाळा-कॉलेजांची वेळापत्रके जुळत नाहीत. कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीस उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर, आणि पास देण्याची लगबग आगारात जून लागल्यावर सुरू होते. पहिले दोन आठवडे मुलांनी पूर्ण भाडे भरायचे. ऑक्टोबरात कर्नाटकात दसऱ्याची मोठी सुट्टी, महाराष्ट्रात दिवाळीची. दिवाळीत अलीकडच्या शाळा बंद म्हणून शाळेच्या फेऱ्या रद्द होतात, तेव्हा पलीकडच्या कॉलेजात परीक्षा चालू असतात. फेऱ्या ठरवणाऱ्याच्या टेबलावर दुसऱ्या राज्याचे शैक्षणिक कॅलेंडर ठेवले तरी यातले अर्धे प्रश्न सुटतील.

आता फेऱ्या. हा भाग थोडा सविस्तर मांडतो, कारण लोकांना वाटते गाड्या कमी आहेत म्हणून त्रास होतो. गाड्या कमी आहेतच. पण असलेल्या गाड्याही धड लावलेल्या नाहीत.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 88 प्रमाणे एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात तिथल्या प्राधिकरणाच्या प्रतिस्वाक्षरीशिवाय, म्हणजे मान्यतेच्या सहीशिवाय, चालत नाही. म्हणून राज्ये आपसात करार करतात: कोणत्या मार्गावर कुणाच्या किती फेऱ्या, कुणाचे किती किलोमीटर. पाया असतो समानतेचा. तुमचे जेवढे किलोमीटर आमच्याकडे, साधारण तेवढे आमचे तुमच्याकडे. कागदावर हे न्याय्य दिसते. रस्त्यावर दोन गोष्टी होतात.

पहिली, प्रत्येक महामंडळ आपल्या वाट्याच्या फेऱ्या भारमान मिळेल, म्हणजे गाडी भरेल, अशा वेळी टाकते. दोघांनाही सकाळी आठ आणि संध्याकाळी साडेपाच हवे असतात. मग दहा मिनिटांच्या अंतराने दोन गाड्या सुटतात, दुसरी अर्धी रिकामी जाते, आणि पुढे दीड-दोन तास फलाटावर कुणी नाही. करारात फेऱ्यांची संख्या असते. त्या कोणत्या वेळी सोडायच्या हे दोघांनी एकत्र बसून ठरवायचे बंधन नसेल तर असेच होणार.

दुसरी, एका बाजूची गाडी बिघडली किंवा चालक नाही म्हणून फेरी रद्द झाली, तर पलीकडच्याने ती भरून काढायची सोय नाही. त्याचा परवाना त्या फेरीचा नाही आणि किलोमीटरचा तोल बिघडतो. शेवटची फेरी रद्द झाली की माणूस हद्दीवर अडकतो. मुक्कामी गाडी असलेल्या गावांची त्यातल्या त्यात बरी स्थिती. बाकीच्यांना मोटारसायकल किंवा खासगी जीप. सीमाभागातल्या कारखान्यांत पाळी संपल्यावर अंधारात दुचाकीवरून हायवेने घरी जाणारी मुले आम्ही रोज बघतो, आणि त्यांच्या घरी दिवा लावून वाट बघणाऱ्या आयाही.

थांब्यांच्या नावांचा मुद्दा छोटा वाटेल, पण नियोजनाचे घोडे तिथेच अडते. बेळगाव आणि बेळगावी, निपाणी आणि निप्पाणी, पणजी आणि पणजीम, अशी एकाच ठिकाणाची दोन-दोन नावे वेगवेगळ्या भाडेतक्त्यांत आणि ॲपांत असतात. माणसाला कळते, संगणकाला कळत नाही. त्याच्या लेखी ती दोन गावे, आणि दोन गावांमध्ये गाडी बदलता येत नाही. यावर जगभर वापरात असलेला उपाय आहे, जीटीएफएस नावाची वेळापत्रकाची रचना. साध्या मजकुराच्या काही फायली असतात: एकीत संस्था, एकीत थांबे आणि त्यांचे अक्षांश-रेखांश, एकीत मार्ग, एकीत फेऱ्या, एकीत प्रत्येक थांब्यावरची वेळ, एकीत चालण्याचे दिवस. भाषांतराची स्वतंत्र फाइल असते, तिच्यात एकाच थांब्याचे मराठी, कोंकणी आणि कन्नड नाव नोंदवता येते. गाडीबदलाचीही फाइल आहे, आणि तिच्यात ‘ही गाडी त्या गाडीसाठी थांबेल’ अशी खूण करता येते. दिल्लीने आपल्या बसगाड्यांची अशी माहिती 2018 मध्ये सर्वांसाठी खुली केली. आपल्याकडे सुरुवात करायला सगळ्या राज्याची माहिती नको. हद्दीच्या दोन्ही बाजूंची पंधरा-वीस आगारे पुरतील.

मात्र एक धोक्याची सूचना, कारण अशी कामे इथेच फसतात. फायली एकदा बनवून सोडून दिल्या तर त्या सहा महिन्यांत खोट्या होतात. उन्हाळी जादा गाड्या, यात्रेच्या गाड्या, पावसात घाट बंद, शाळेच्या सुट्ट्या यांनी वेळापत्रक सतत हलते. आगारात शेड्यूल बदलणाऱ्या माणसाच्याच हाताखालून ती फाइल बदलली पाहिजे. मुख्यालयातल्या कंत्राटदाराकडे ते काम दिले की आगाराला त्याचा पत्ताही राहत नाही. आणि खोटे वेळापत्रक नसलेल्या वेळापत्रकापेक्षा वाईट, कारण त्यावर विसंबून माणूस घरातून निघालेला असतो.

बंदच्या दिवसांबद्दल थोडक्यात. डिसेंबर 2022 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातली एसटी वाहतूक थांबली. सीमाप्रश्नावर आम्हा प्रत्येकाचे मत आहे, ते या पत्रात आणत नाही. चालक-वाहकांच्या जिवाला धोका असेल तर गाडी थांबवलीच पाहिजे. पण गाडी थांबवल्यावर प्रवाशाचे काय करायचे याची लेखी पद्धत असली पाहिजे. कुठपर्यंत गाडी येईल, तिथून पलीकडे कोण नेईल, काढलेले तिकीट आणि पास चालेल का, आरक्षणाचे पैसे किती दिवसांत परत, डायलिसिस आणि केमोथेरपीच्या पेशंटला कोण पोचवणार. हे शांततेच्या दिवसांत लिहून ठेवायचे असते.

हे सगळे अवघड आहे, राज्ये वेगळी, कायदे वेगळे, असे उत्तर येईल. त्याला आमच्याच भागातला दाखला आहे. 1990 मध्ये केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ ही चार राज्ये मिळून कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, आणि 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग खुला झाला. सावंतवाडी रोड, मग मडुरे, मग पेडणे. मडुरे आणि पेडणे यांच्या मध्ये राज्य बदलते. कुडाळहून मडगावचे तिकीट काढणाऱ्याला ते कळतही नाही, कारण तिकीट एकच आहे आणि वाटणी कार्यालयात होते. त्याच रुळांना समांतर जाणाऱ्या महामार्गावर आम्ही तेच मागतो आहोत.

ते कसे करता येईल, तेही लिहितो.

प्रत्येक मार्गावर हद्दीचे नेमके अंतर मीटरमध्ये मोजून तिकीट मशीनच्या भाडेतक्त्यात ‘हिशोबाचा बिंदू’ म्हणून भरा. तो थांबा नसेल, टप्पा नसेल. भाडे पूर्ण अंतराच्या टप्प्यांवर काढा, आणि मग दोन्ही राज्यांतल्या किलोमीटरच्या प्रमाणात दर, कर आणि सवलत लावा. तिकिटावर एकच एकूण रक्कम, खाली बारीक अक्षरात फोड. वरच्या उदाहरणात 9 टप्प्यांचे भाडे 21 आणि 33 या प्रमाणात वाटले जाईल. दहावा टप्पा जन्मालाच येणार नाही.

गाडी बदलणाऱ्यासाठी क्यूआर तिकीट. त्यात सुरुवातीचा आणि शेवटचा थांबा, तारीख, सवलतीचा प्रकार, तिकीट क्रमांक आणि देणाऱ्या महामंडळाची डिजिटल सही असावी. तिन्ही महामंडळांनी सही तपासण्याच्या चाव्या, म्हणजे सही ओळखणारे संगणकी कोड, एकमेकांच्या मशीनमध्ये भरून ठेवल्या की इंटरनेट नसतानाही तिकीट खरे की खोटे ते कळते. आंबोली, तिलारी आणि चोर्ला या घाटांतून जाणाऱ्या मार्गांवर हे महत्त्वाचे, कारण तिथे रेंजवर विसंबता येत नाही. एकच तिकीट दोन गाड्यांत दाखवून फसवणूक होऊ शकते, हे मान्य. त्यासाठी पहिल्या गाडीतल्या नोंदीनंतर ठरावीक तासांचीच मुदत ठेवा, आणि आगारात मशीन लावल्यावर दुबार क्रमांक शोधा. साठ-सत्तर रुपयांच्या तिकिटासाठी एवढी काळजी पुरे.

कार्डासाठी नवे काही शोधू नका. राष्ट्रीय सामायिक मोबिलिटी कार्ड 4 मार्च 2019 पासून देशात आहे आणि मेट्रोला चालते. शिल्लक चिपवर असते, 2000 रुपयांपर्यंत, त्यामुळे रेंज लागत नाही. त्याच चिपवर पाससाठी स्वतंत्र कप्पा ठेवता येतो. विद्यार्थ्याचा पास त्या कप्प्यात भरला की गाडी कुणाचीही असो, मशीनला तो वाचता येतो. राज्यागणिक वेगळे, फक्त आपल्याच गाडीत चालणारे कार्ड काढू नका. ते एकदा लाखो लोकांच्या हातात गेले की मागे घेता येत नाही.

आणि पैशाची वाटणी. रोज रात्री प्रत्येक मशीनमधून एक फाइल निघावी: फेरी क्रमांक, तिकीट क्रमांक, दोन्ही थांब्यांचे कोड, प्रत्येक राज्यातले किलोमीटर, पूर्ण भाडे, सवलत, पैसे रोख की यूपीआय की कार्ड. महिन्याच्या शेवटी तिघांची येणी-देणी एकमेकांत वळती करून फक्त फरकाची रक्कम द्यावी. भांडण होईल ते पासाच्या पैशांवर, कारण पासधारक कोणत्या गाडीत किती वेळा बसला याची आज नोंद राहतेच असे नाही. म्हणून पास दाखवला तरी मशीनवर शून्य रुपयाची नोंद झाली पाहिजे. कर्नाटकातल्या शक्ती योजनेत शून्य तिकीट याच कारणासाठी फाडतात, तेव्हा पद्धत वाहकांच्या हाताला बसलेली आहे.

आमच्या मागण्या अशा:

1. तिन्ही राज्यांनी एकेक जबाबदार अधिकारी नेमून त्यांची संयुक्त समिती करावी. तिच्या बैठका सीमेवरच्या गावांत व्हाव्यात, आणि आगारातले वाहतूक नियंत्रक व वाहक तिच्यात असावेत.

2. सावंतवाडी–बांदा–म्हापसा–पणजी, दोडामार्ग–डिचोली, चंदगड–बेळगाव आणि कोल्हापूर–निपाणी–बेळगाव या चार मार्गांवर सहा महिन्यांत एकच तिकीट सुरू करावे.

3. विद्यार्थी पास या चार मार्गांवर दोन्ही राज्यांच्या गाड्यांत चालावा आणि तो ज्या राज्यात शाळा आहे तिथल्या सत्राप्रमाणे मिळावा. यासाठी सहा महिने थांबायची गरज नाही. छापील पासावर ‘दोन्ही महामंडळांच्या गाड्यांत वैध’ एवढा शिक्का आणि एक परिपत्रक पुरेल.

4. सवलतीचा खर्च ज्याच्या त्याच्या तिजोरीवर पडतो, म्हणून सरसकट मागणी करत नाही. 75 वर्षांवरचे ज्येष्ठ आणि रुग्णालयाचा कागद जवळ असलेला पेशंट व त्याच्यासोबतचा एक माणूस, एवढ्यांना त्यांच्या राज्याने हद्दीपलीकडच्या 50 किलोमीटरपर्यंत सवलत द्यावी. महिलांच्या सवलतीचा विचार नोंदी हाती आल्यावर, खर्चाचा आकडा समोर ठेवून करावा.

5. पुढचा आंतरराज्य करार करताना फेऱ्यांच्या संख्येबरोबर वेळाही एकत्र ठरवाव्यात. दोन गाड्यांत किमान अंतर असावे, रद्द फेरी दुसऱ्याने चालवायची मुभा असावी, आणि किलोमीटरचा तोल महिन्याऐवजी वर्षाच्या हिशोबात बघावा.

6. कराराचा मसुदा राजपत्रात आणि प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापून म्हणणे मांडायला किमान 30 दिवस द्यावे लागतात, असे कलम 88 सांगते. तो मसुदा सीमेवरच्या प्रत्येक बसस्थानकावर मराठी, कोंकणी आणि कन्नड भाषांत लावावा.

7. बंदच्या काळातली प्रवासी व्यवस्था लेखी ठरवून जाहीर करावी.

यातली तिसरी मागणी आधी घ्या. येत्या सत्राचे पास छापले जातील त्याआधी दोन्ही बाजूंच्या आगार व्यवस्थापकांना एका टेबलाशी बसवा आणि शिक्का बनवून घ्या. काय ठरले ते बांदा, दोडामार्ग, चंदगड आणि निपाणी या स्थानकांच्या फलकावर लावा. आम्ही तिथेच असतो, सकाळच्या पहिल्या गाडीला.

आपले,
हद्दीच्या दोन्ही बाजूंचे रोजचे प्रवासी